चियांग माईतले पुणेकर दांपत्य: धूर, व्हिसा आणि वर्षातले दहा आठवडे

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याहून उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला राहायला गेलेल्या एका दांपत्याचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि हिशेब मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

नवरा ५७ वर्षांचा, खासगी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. बायको ५३ वर्षांची, तिला लहानपणापासून दमा. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, नवऱ्याची ८१ वर्षांची आई पुण्यातच मुलीकडे, एकुलता एक मुलगा परदेशी. ठेवींचे व्याज आणि थोडे भाडे हे उत्पन्न.

डिसेंबर २०२२ मध्ये दोघे १२ दिवस चियांग माईला फिरून आले. डिसेंबरात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, आकाश निळेभोर असते आणि पश्चिमेला डोई सुथेपचा डोंगर स्वच्छ दिसतो. दोन खोल्यांचे घर १२ ते १५ हजार बाटमध्ये मिळते, बाजार स्वच्छ, माणसे सौम्य, दवाखाने चांगले. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात. घड्याळ भारतापेक्षा दीड तासच पुढे, त्यामुळे आईशी रोजचे बोलणेही अडत नाही. पुण्यात परतल्यावर महिनाभरात निर्णय झाला. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, पण सगळे हिशेब डिसेंबर पाहून मांडलेले होते. मार्च त्यांनी पाहिलाच नव्हता.

पहिला निर्णय: कोणता व्हिसा

५० वर्षांवरील माणसाला निवृत्त म्हणून राहण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. पहिला, भारतातूनच ‘ओ-ए’ व्हिसा काढून जायचे. त्याला ३० लाख बाटचे आरोग्य विमा संरक्षण दाखवावे लागते. दुसरा, पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे तो बदलून ‘नॉन-ओ’ हा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा करून घ्यायचा आणि मग दरवर्षी मुदतवाढ घ्यायची. यात विम्याची सक्ती नाही. पैशाची अट मात्र आहे: थाई बँकेत अर्जदाराच्या नावावर ८ लाख बाट, किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न. रक्कम दाखवायची तर ती मुदतवाढीच्या अर्जाआधी २ महिने खात्यात असावी, मंजुरीनंतर ३ महिने तशीच राहावी आणि उरलेल्या काळात ४ लाखांच्या खाली जाऊ नये.

बायकोचा दमा आधीपासूनचा असल्याने विमा कंपन्या त्याला वगळूनच पॉलिसी देत होत्या. ‘मग विमा कशाला?’ असा विचार करून त्यांनी दुसरा मार्ग घेतला. त्या वेळी तो तर्कशुद्ध वाटला, आणि व्हिसापुरता तो बरोबरही होता. चूक अशी झाली की विमा नाही तर त्याच्या जागी वेगळी रक्कम बाजूला ठेवायला हवी होती. ती ठेवली गेली नाही, कारण ‘बँकेत ८ लाख आहेतच’ अशी मनाची समजूत होती. ते ८ लाख हात लावायचे नव्हते, हे ऐन वेळी लक्षात आले.

ऑक्टोबर २०२३ च्या मध्यावर दोघे ६० दिवसांच्या पर्यटक व्हिसावर पोचले. पर्यटक व्हिसावर बँक खाते उघडायला दोन बँकांनी नकार दिला, तिसरीत महिनाअखेर खाते उघडले. मग भारतातून सुमारे १८.८ लाख रुपये पाठवले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांवरच्या अशा रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, ५ वरून २० टक्के झाला होता, त्यामुळे सुमारे २.३६ लाख रुपये विवरणपत्र भरेपर्यंत अडकले. जुन्या दराने ५९ हजारांवर भागले असते. हा पैसा बुडत नाही, पण घर लावण्याच्या ऐन दिवसांत तो हाताशी नसतो.

बायकोचा अर्ज नवऱ्यावर अवलंबून म्हणून केला. त्यासाठी विवाह प्रमाणपत्रावर पुण्याहून घेतलेले ॲपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचे साक्षांकन, चालले नाही. परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यावर थाई दूतावासाचा शिक्का, मग थाई भाषांतर, असे सगळे नव्याने करावे लागले. कुरियरने त्यात तीन आठवडे गेले. निघण्यापूर्वी करायचे पहिले काम हेच.

मुदतवाढ २० फेब्रुवारी २०२४ ला इमिग्रेशन कार्यालयात मिळाली, फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंत. माणशी १,९०० बाट. दोघे घरी परतले आणि फाइल कपाटात ठेवली. पुढचा घोटाळा झाला तो त्याच कार्यालयातल्या शेजारच्या खिडकीवर न गेल्यामुळे.

दुसरा निर्णय: घर

शहराच्या दक्षिणेला हांग डोंग भागात त्यांनी खांबांवर उभे असलेले सागवानी घर घेतले. भाडे १४,००० बाट, वर्षाचा करार, २ महिन्यांची अनामत आणि १ महिना आगाऊ. घरमालकीण मायाळू, तिथल्या रीतीप्रमाणे दोघे तिला ‘पा’ म्हणजे मावशी म्हणत. परदेशी माणूस राहायला आल्याची नोंद, म्हणजे टीएम ३०, घरमालकाने २४ तासांत करायची असते. पांना ते ठाऊक नव्हते. नोंद नाही म्हणून इमिग्रेशनची पहिली खेप फुकट गेली. भाडेकरार करतानाच ही नोंद कोण आणि कधी करणार हे लिहून घ्यावे.

घर देखणे होते. भिंती फळ्यांच्या, खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या, छताखाली वारा खेळायला मोकळी जागा. आठ महिने उकाडा असलेल्या मुलखात शेकडो वर्षांच्या अनुभवातून घडलेले हे बांधकाम आहे. धुराच्या दिवसांत मात्र हाच मोकळेपणा नडतो.

अडचण: फेब्रुवारी आणि मार्च

चियांग माई खोऱ्यात वसले आहे. जानेवारीनंतर पानगळीची जंगले कोरडी पडतात आणि खाली पानांचा थर साचतो. मक्याच्या शेतातली धाटे जाळली जातात, रानातली अळंबी चांगली उगवते या समजुतीने पालापाचोळा पेटवला जातो, आणि म्यानमारचा शान प्रांत व लाओस इथल्या आगींचा धूर वाऱ्याबरोबर येतो. गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसले की हा धूर खोऱ्यातच कोंडून राहतो. मार्चमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत चियांग माई अनेकदा वर असते. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, थायलंडची ३७.५, भारताची ६०. वाईट दिवसांत चियांग माई या तिन्ही सहज ओलांडते.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलेले नाही. तिथल्या रहिवाशांनी सरकारविरुद्ध दावा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयाने ९० दिवसांत आपत्कालीन योजना करण्याचा आदेश दिला. पण त्या वर्षीचा मार्च त्याआधीच दारात येऊन ठेपला होता.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात डोई सुथेप दिसेनासा झाला. सकाळी व्हरांड्यात फिरवलेला ओला फडका काळपट निघू लागला. जळून उडालेल्या पानांचे हलके तुकडे, शिरांची जाळी शाबूत असलेले, तुळशीच्या कुंडीत पडलेले सापडत. त्यांनी एक हवाशुद्धी यंत्र आणले, ताशी २५० घनमीटर शुद्ध हवा देणारे. झोपायची खोली १८ चौरस मीटर, उंची २.६ मीटर, म्हणजे सुमारे ४७ घनमीटर. कागदावर तासाला पाच वेळा हवा पालटायला हवी होती. पण फळ्यांच्या फटींतून यंत्र साफ करील त्याहून जास्त धूर आत येत होता. बाहेर पीएम २.५ १४० असताना खोलीत ९० च्या खाली आकडा उतरला नाही. एसी लावून फरक पडला नाही, कारण घरगुती स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो आणि त्याची जाळी इतके बारीक कण धरत नाही.

बायकोचे इनहेलर दिवसाला दोनदावरून सहादा झाले. नवरा रोज म्हणे, आठवडाभरात पाऊस येईल. ११ मार्चच्या रात्री तिला वाक्य पुरे करता येईना, तेव्हा खासगी रुग्णालयात नेले. दाखल करण्यापूर्वी अनामत मागितली. तीन रात्री, ऑक्सिजन, नेब्युलायझर, स्टेरॉइड. बिल ८६,००० बाट, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास दोन लाख रुपये. उपचार उत्तम झाले, यात वाद नाही. पैसे मुलाने रातोरात पाठवले.

१४ ला सुटी मिळाली आणि १६ ला दोघे मुंबईच्या विमानात बसले. या दोन दिवसांत री-एन्ट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना, काढायचे राहून गेले.

थायलंडची मुदतवाढ व्हिसाशी नाही, तुमच्या तिथल्या सलग मुक्कामाशी बांधलेली असते. परमिट न घेता देश सोडला की ती त्याच क्षणी रद्द होते. अर्जाचा फॉर्म टीएम ८, एकदाच्या प्रवेशाला १,००० बाट, अनेकदाच्या प्रवेशाला ३,८००. ज्या दिवशी मुदतवाढ मिळते त्याच दिवशी, त्याच कार्यालयात मिळते. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही निघताना काढता येते. हे कोणी सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. वर्षभराची मुदतवाढ २५ दिवसांत गेली.

तोललेले पर्याय

एप्रिल आणि मे पुण्यात गेले. छातीरोगतज्ज्ञांनी औषधे बदलली आणि सरळ सांगितले, की असा महिना पुन्हा काढायचा नाही. त्यानंतर घरी चार पर्याय मांडले गेले.

कायमचे परतणे सोपे होते, पण सगळ्यांत आधी बायकोनेच ते नाकारले. नोव्हेंबर ते जानेवारी तिला पुण्यापेक्षा तिथे बरे वाटले होते. पहाटेचे चालणे, ‘वरोरोत’ नावाच्या बाजारातली भाजी, तिथल्या शीख कापड दुकानदारांशी हिंदीत गप्पा, हे तिचे स्वतःचे जग झाले होते. ‘अहो, मला धूर नको आहे. गाव हवे आहे,’ हे तिचे वाक्य पुढच्या सगळ्या चर्चेचा आधार ठरले.

दक्षिण थायलंडला हलणे हा दुसरा पर्याय. समुद्राकाठी या धुराचा त्रास कमी, पण भाडे जास्त, दमट हवा वर्षभर, आणि ओळखीचे कोणी नाही.

तिसरा, धुरात तिथेच पण बंदिस्त काँक्रीट खोलीत राहणे. निरोगी माणसाला हे जमते. दम्याच्या माणसाने दोन महिने एका खोलीत काढायचे, हे कागदावर सोपे दिसते; पण दाराबाहेर पडावेच लागते.

चौथा, दरवर्षी दहा आठवडे तिथून निघायचे. ते पुण्यात काढले तर भाडे नाही, आईजवळ राहता येते, डॉक्टरही तेच. उकाडा सोसावा लागतो आणि विमानाचा खर्च वाढतो. पुण्याची हवा आदर्श नाही, पण चियांग माईच्या मार्चशी तिची तुलना होत नाही.

चौथा ठरला, तिसऱ्याची जोड देऊन: दहा आठवडे पुण्यात आणि दोन्ही टोकांच्या धुरकट दिवसांसाठी एक बंदिस्त खोली.

काय केले

रद्द झालेल्या मुदतवाढीतून एक फायदा काढता आला. वार्षिक मुदत कोणत्या महिन्यात पडणार हे पहिल्या प्रवेशावरून ठरते. पहिल्या खेपेला ती फेब्रुवारीअखेर पडली होती, म्हणजे अर्जाचा काळ नेमका धुराच्या तोंडावर, आणि त्यानंतरचे ३ महिने ८ लाख अडकलेले. आता नव्याने सुरुवात करायचीच होती, तर मुदत पावसाळ्यानंतर यावी अशी आखणी केली. ६ जुलै २०२४ ला पुन्हा ६० दिवसांच्या पर्यटक व्हिसावर प्रवेश, ऑगस्टमध्ये नॉन-ओ, ऑक्टोबरअखेर मुदतवाढ. ८ लाख खात्यात तसेच होते. ते परदेशातून आल्याचा बँकेचा नोव्हेंबर २०२३ चा दाखला जपून ठेवलेला कामी आला. या वेळी मुदतवाढीच्याच दिवशी शेजारच्या खिडकीवर अनेकदाच्या प्रवेशाचे परमिट काढले.

नव्या वेळापत्रकात जानेवारीअखेरपासून ऑगस्टपर्यंत खात्यात ४ लाख ठेवले तरी चालते. म्हणजे धुराच्या आणि आजारपणाच्या काळात ४ लाख बाट मोकळे असतात. नवऱ्यापुरता रुग्णालयाचा विमा घेतला. बायकोच्या दम्यासाठी हेच पैसे राखीव मानले.

सागवानी घर सोडले, २८,००० बाट अनामत गेली. पांनी निरोप देताना डोळे पुसले, पण करार करारच होता. नवी जागा शोधताना पिंग नदीकाठी एक स्वस्त आणि सुंदर फ्लॅट मिळत होता. नवरात पुलाजवळच्या मापकेंद्रावरच्या पाण्याच्या उंचीनुसार शहरात कोणता भाग कधी बुडतो याचा नकाशा उपलब्ध आहे. तो पाहून त्यांनी नदीपासून लांब, सांतिथाममध्ये सहाव्या मजल्यावर जागा घेतली, भाडे १३,०००. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला पिंग नदी त्या केंद्रावर ५.३० मीटरपर्यंत चढली, हा तिथला उच्चांक. नाकारलेल्या फ्लॅटच्या तळमजल्यावर पाणी शिरले होते.

झोपायची खोली ३० चौरस मीटर, उंची २.५, म्हणजे ७५ घनमीटर. यंत्र ताशी ४०० घनमीटरचे. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या फटीत फोमची पट्टी, एसीच्या नळीच्या भोकाभोवती भरणा, आणि न्हाणीघराचा पंखा बंद. हा पंखा लोक विसरतात: तो आतली हवा बाहेर ढकलतो आणि तेवढीच धुराची हवा दाराच्या फटींतून आत ओढतो. खोली इतकी बंद केली की जीव कोंदटतो, म्हणून दुपारी दहा मिनिटे खिडकी उघडायची. सकाळी धूर जमिनीलगत दाट असतो, दुपारी उन्हाने हवा वर खाली होऊन आकडा सहसा उतरतो. पाहण्यासाठी चियांग माई विद्यापीठाची ‘डस्टबॉय’ मापकयंत्रे आहेत. आपल्या घराजवळचे शोधून तेच बघावे, शहराची सरासरी नव्हे.

जेवणाची घडी आपोआप बसली. दोघे शाकाहारी. नुसते ‘मांस नको’ म्हटले तर नाम प्ला, म्हणजे माशाचे पाणी, पदार्थात पडतेच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकाने ओळखायला शिकल्यावर प्रश्न मिटला. तिथे कांदा-लसूणही नसतो.

निष्पत्ती

२०२५ मध्ये दोघे १० फेब्रुवारीला निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस परतले. त्या वर्षी बायकोला रुग्णालयात जावे लागले नाही. ते पुण्यात असतानाच २८ मार्चला म्यानमारचा भूकंप झाला. चियांग माईच्या उंच इमारती हलल्या, काहींना भेगा गेल्या. परतल्यावर त्यांनी इमारतीचा तपासणी अहवाल मागून घेतला, मगच सामान उघडले. धुरासाठी निवडलेला सहावा मजला भूकंपात तितकासा बरा नाही, आणि यावर त्यांच्याकडे उत्तर नाही.

खर्च महिना सुमारे ४२,००० बाट. मार्च २०२४ मध्ये बाट २.३० रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये २.५० च्या वर गेला. एक पैसाही जास्त खर्च न करता महिन्याचे ९७ हजार रुपये १ लाख ५ हजारांच्या वर गेले. उत्पन्न रुपयांत असणाऱ्याने हा फरक गृहीत धरूनच जावे.

कराचेही गणित बदलले आहे. वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणारा थायलंडचा कर-निवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न देशात आणले तर ते करपात्र होते. त्याआधीची बचत सुटते. म्हणून त्यांनी ३१ डिसेंबर २०२३ च्या शिलकीचे बँक उतारे काढून ठेवले आहेत आणि खर्चाला त्याच खात्यातून पैसे आणतात. विवरणपत्राची ३१ मार्चची मुदत ते पुण्यात असताना येते, त्यामुळे कागदपत्रे जानेवारीतच तयार ठेवावी लागतात. भारतातल्या दिवसांची नोंद त्यांचे सीए वेगळी ठेवतात.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबरऐवजी, किंवा डिसेंबरनंतर, एक महिना मार्चमध्ये राहून पाहायला हवे होते. भाड्याचे घर, रोज सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरची, म्हणजे श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीची, फुंकर आणि वहीत आकडा. तीस दिवसांत कळले असते.

दुसरे, निघण्याचा निकष आधी ठरलेला हवा होता. ‘पाऊस येईल’ हा निकष नाही. आता त्यांच्या फ्रिजवर एक कागद आहे: बायकोची सर्वोत्तम फुंकर ३८०, सलग दोन दिवस ३०४ च्या खाली, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली, तर तारखेची वाट न पाहता तिकीट काढायचे, १९० च्या खाली, म्हणजे निम्म्याच्या खाली, तर थेट रुग्णालय. हा कागद डॉक्टरांबरोबर बसून केला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तो असता तर ती ४ किंवा ५ तारखेलाच पुण्यात असती, आणि परमिट काढायला वेळही मिळाला असता.

तिसरे, करारात फेब्रुवारी-मार्चसाठी घर सोडण्याची सवलत मागायला हवी होती. सांतिथामच्या मालकाने दहा आठवड्यांचे भाडे निम्मे घ्यायला होकार दिला. विचारले म्हणून दिला.

आईचा प्रश्न उरला आहे. ती आता ८३ ची आहे, आणि दहा आठवडे पुढे वाढवावे लागतील हे दोघांनाही दिसते आहे. पुढच्या ऑक्टोबरच्या अर्जाआधी, म्हणजे ८ लाख पुन्हा पूर्ण भरण्यापूर्वी, जुलैअखेर याचा निर्णय करायचे त्यांनी ठरवले आहे.